संगणकातील ठेवा आणि त्याची राखीव प्रत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत मानेसर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, मराठ्यांचा इतिहास असे विषय शोभून दिसतात. त्यांच्या पंगतीस संगणकातील माहितीच्या राखीव प्रतीचा विषय बसविणे म्हणजे पुरणपोळीच्या पानात औषधाची गोळी वाढण्यासारखे आहे, असे कोणास वाटल्यास आम्ही रागावणार नाही. आम्ही कलाशाखेचे पदवीधर आहोत; संगणकशास्त्राचे रीतसर शिक्षण आम्हांस नाही. परंतु केंद्र शासनाच्या सेवेत तीस वर्षांहून अधिक काळ कागद जपण्यातच गेला, आणि कागदाची जागा संगणकाने घेतली तेव्हा जपण्याचे काम संपले नाही, उलट वाढले, हे आम्ही जवळून पाहिले. त्या अनुभवाच्या बळावर आज हे धाडस करीत आहोत.

या विषयाकडे वळण्यास एक तात्कालिक कारणही घडले. या स्मरणिकेच्या छायाचित्रविभागासाठी मंडळाने सभासदांकडून जुनी छायाचित्रे मागविली. मंडळाच्या पहिल्या वर्षांतील गणेशोत्सवाची, हळदीकुंकवाची, नाटकांची कृष्णधवल छायाचित्रे पुष्कळ आली. काही पिवळी पडलेली, काहींच्या कडा वाळवीने कुरतडलेल्या, पण आली. त्याउलट, डिजिटल कॅमेरा घरोघर पोहोचला, एकेका कार्यक्रमाची शेकडो छायाचित्रे निघू लागली, त्या काळाचे पाकीट जवळजवळ रिकामे राहिले. ती सारी छायाचित्रे एकाच संगणकात होती आणि तो संगणक कधीच कामातून गेला होता.

यावरून कागद टिकाऊ आणि संगणक नाशवंत असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो खरा नव्हे. कागदाची छायाचित्रे टिकली, कारण त्या काळी छायाचित्रात जे जे असत ते ते आपली एक प्रत पैसे देऊन घरी नेत. एका समूहचित्राच्या दहा प्रती दहा घरांत जात. त्यांतील सात हरवल्या तरी तीन उरल्या. म्हणजे आपल्याला तारले ते कागदाने नव्हे, तर प्रतींनी. आणि त्या प्रती निरनिराळ्या छपरांखाली होत्या म्हणून. आजच्या भाषणाचे सार एवढेच आहे. उरलेला वेळ आम्ही ते पटवून देण्यात आणि ते कसे साधावे हे सांगण्यात घालविणार आहोत.

मराठी भाषेच्या इतिहासात हे सत्य वारंवार प्रत्ययास आले आहे. म्हाइंभटांनी परिश्रमपूर्वक सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत पुढे खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत नाहीशी झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला, आणि म्हणूनच त्याचे निरनिराळे पाठ आज अभ्यासकांपुढे आहेत. ग्रंथ वाचला, पण मूळ शब्द कोणता याचा वाद मागे राहिला. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीने तारल्या ही आपल्या सर्वांची श्रद्धा आहे; तिच्या जोडीला संताजी जगनाडे यांच्यासारख्या टाळकऱ्यांनी अभंग लिहून ठेवले होते आणि ते गावोगावच्या लोकांच्या कंठी होते, हेही आपण अभिमानाने सांगतो. एक वही बुडविता येते. शंभर कंठ बुडविता येत नाहीत.

तिसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रती पुष्कळ झाल्या. पण नकलेमागून नक्कल होता होता लेखकांच्या हातून अक्षरे बदलली, ओव्यांत भर पडली. तेव्हा शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथ महाराजांनी प्रती मिळवून, ताडून पाहून, शुद्ध पाठ सिद्ध केला. प्रत असणे वेगळे आणि ती प्रत बिनचूक असणे वेगळे, हा धडा नाथांनी सव्वाचारशेहून अधिक वर्षांपूर्वीच घालून दिला. संगणकाच्या भाषेत ज्याला आज बॅकअपची पडताळणी म्हणतात, ती याहून निराळी नाही.

आता आमच्या कचेरीच्या जगात येऊ. टंकलेखनयंत्राच्या काळात पत्र टंकताना मागे कार्बन लावून स्थळप्रत काढली जाई. पत्र बाहेर जाई, स्थळप्रत नस्तीत राही. ही शिस्त किती मोलाची होती हे संकट आल्यावर कळते. दि. २१ जून २०१२ रोजी मुंबईच्या मंत्रालयास आग लागली, वरचे मजले भस्मसात झाले, पाच जणांचे प्राण गेले आणि अगणित नस्त्या जळाल्या. अशा प्रसंगी जळालेली नस्ती पुन्हा उभी करावयाची तर एकच मार्ग उरतो : त्या पत्रव्यवहाराची दुसरी बाजू ज्या दूरच्या कार्यालयात असेल, तेथून प्रती मागविणे. त्याच कपाटातील दुसरी प्रत अशा वेळी पहिलीबरोबरच जळते.

संगणकाच्या जगातील दोन अलीकडच्या घटना शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. पहिली येथून जवळचीच. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केल्याप्रमाणे अवाचनीय करून टाकली आणि कित्येक दिवस रुग्णांची नोंदणी हाताने करावी लागली. परंतु हल्ल्यातून वाचलेल्या एका राखीव सर्व्हरवरून रुग्णालयाची माहिती परत मिळविता आली, असे शासनाने संसदेत सांगितले. दुसरी घटना दक्षिण कोरियातील. दि. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातील राष्ट्रीय माहितीकेंद्रास बॅटऱ्या हलविण्याच्या कामात आग लागली. सरकारी कर्मचारी आपले कामाचे कागद ज्या सामाईक साठ्यात ठेवीत, तो ८५८ टेराबाइटचा साठा त्या आगीत नष्ट झाला. साठा फार मोठा म्हणून त्याची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती. तंत्रज्ञानात कोरिया आपल्यापुढे आहे; तरीही एका ठिकाणी प्रत होती म्हणून माहिती वाचली, दुसऱ्या ठिकाणी नव्हती म्हणून गेली. हानी टाळावयाची तर यंत्राच्या श्रीमंतीवर विसंबता येत नाही.

बंधुभगिनींनो, आता व्यवहाराकडे वळू. आपल्या घरी काय करावे?

जाणकार मंडळींत एक सुटसुटीत नियम रूढ आहे. पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकाराने तो लोकप्रिय केला. त्यास ‘तीन-दोन-एक’ म्हणतात. माहितीच्या एकूण तीन प्रती असाव्यात. त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांपैकी एक प्रत घराबाहेर, दुसऱ्या ठिकाणी असावी. संगणकातील मूळ ही पहिली प्रत. घरातील बाह्य हार्ड डिस्क ही दुसरी. तिसरी परगावी, अथवा इंटरनेटवरील भाड्याच्या साठ्यात, ज्यास क्लाउड म्हणतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. भ्रमणध्वनीतील छायाचित्रे आपोआप क्लाउडवर जातात, तेव्हा आम्हांस चिंता नाही, असे पुष्कळ जण म्हणतात. परंतु यांतील अनेक व्यवस्था आरशासारख्या असतात. मुळात जे घडेल तेच त्यांत दिसते. नातवाने खेळता खेळता छायाचित्र पुसले की ते क्लाउडवरूनही पुसले जाते; काही दिवस कचरापेटीत राहते आणि मग कायमचे जाते. प्रतिबिंबास प्रत समजू नये. राखीव प्रत ती, जी मूळ बिघडले तरी आपल्या जागी अबाधित राहते.

घरातील दुसऱ्या प्रतीसाठी साधन कोणते घ्यावे? पेन ड्राइव्ह ही निरोप पोहोचविण्याची वस्तू आहे, ठेव ठेवण्याची नव्हे. तो हरवतो आणि पूर्वसूचना न देता बंद पडतो. फिरत्या चकतीची बाह्य हार्ड डिस्क तुलनेने स्वस्त आणि मोठी असते, पण चालू असताना धक्का लागल्यास तिला इजा होते. एसएसडी प्रकारच्या डिस्कमध्ये हलणारा भाग नसतो. ती वेगवान असते, धक्का सोसते, मात्र महाग पडते आणि वर्षानुवर्षे न जोडता ठेवल्यास तिच्यातील विद्युत्भार क्षीण होऊन माहितीस धोका पोहोचू शकतो. उष्णतेत हे अधिक लवकर घडते. मानेसरचा उन्हाळा आपणांस ठाऊकच आहे. तेव्हा रोजच्या जलद कामास एसएसडी आणि कपाटात ठेवावयाच्या प्रतीस चकतीची डिस्क, अशी वाटणी आम्हांस योग्य वाटते. कोणतीही असो, वर्षातून दोनदा तरी जोडून पाहावी.

‘वेळ फार लागतो’ ही दुसरी तक्रार. तिचे गणित समजून घेतल्यास ती पुष्कळ कमी होते. जुन्या यूएसबी २.० जोडणीतून प्रत्यक्षात सेकंदास तीस-चाळीस मेगाबाइटच वाहतात. पाचशे गिगाबाइटचा संसार हलविण्यास तिला सुमारे चार तास लागतील. तीच चकतीची डिस्क यूएसबी ३.० जोडणीस लावल्यास सेकंदास शंभर मेगाबाइटच्या आसपास वेग मिळतो आणि काम दीड तासात आटोपते. चांगली एसएसडी सेकंदास चारशे मेगाबाइटने चालली तर वीस-बावीस मिनिटे पुरतात. पुष्कळ संगणकांत यूएसबी ३.० चे खाचेतील प्लास्टिक निळ्या रंगाचे असते. डिस्कची वायर त्या खाचेत जाते ना, एवढे पाहिले तरी अर्धी लढाई जिंकली. तसेच बारीक बारीक हजारो फायलींस एका मोठ्या फायलीपेक्षा अधिक वेळ लागतो. सुट्ट्या नाण्यांची पिशवी मोजावयास नोटांच्या पुडक्यापेक्षा वेळ लागतो, तसेच हे.

आणि सर्वांत मोठी बचत अशी की पूर्ण प्रत एकदाच करावयाची असते. पुढे केवळ नवे आणि बदललेले तेवढे न्यावयाचे. विंडोजमधील ‘फाइल हिस्टरी’ किंवा ॲपलच्या संगणकातील ‘टाइम मशीन’ हे काम आपण होऊन करतात. मागील काही अवस्थाही त्या जपून ठेवतात. त्यामुळे मंगळवारी बिघडलेली फाइल सोमवारच्या रूपात परत मिळते. पहिल्या दिवशीचे चार तास सोसले की पुढे आठवड्याची दहा मिनिटे पुरतात.

काही लहान गोष्टी नमूद करतो, कारण विघ्ने बहुधा लहान छिद्रांतूनच शिरतात. जुन्या पद्धतीने, म्हणजे ‘फॅट ३२’ रचनेत सिद्ध केलेल्या डिस्कवर चार गिगाबाइटहून मोठी फाइल मावत नाही. लग्नाची लांबलचक चित्रफीत नेमकी तेथेच अडते आणि घाईत ते ध्यानातही येत नाही. अशा वेळी ‘एक्सफॅट’ रचना घ्यावी. मात्र रचना बदलताना डिस्क पुसली जाते, म्हणून हे काम डिस्क रिकामी असतानाच करावे. नक्कल संपल्याची पट्टी दिसली म्हणून वायर ओढून काढू नये. संगणकाने हातचे राखून ठेवलेले लिखाण डिस्कवर उतरावयाचे असते. ‘सुरक्षितपणे काढा’ ही सूचना देऊन मगच वायर काढावी. वीज जाण्याचा संभव असल्यास यूपीएसवाचून मोठी नक्कल सुरू करू नये. आणि काम झाले की डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी. खंडणीखोर सायबर हल्ला जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही. सुटी डिस्क त्याच्या हाती लागत नाही.

पडताळणीचे महत्त्व नाथांच्या उदाहरणात आलेच आहे. आधुनिक काळातील एक उदाहरण त्यास जोडू. १९९८ मध्ये अमेरिकेतील पिक्सार कंपनीत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या फायली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या. राखीव प्रती होत्या, पण त्या नीट भरल्याच जात नसल्याचे तेव्हा कळले. चित्रपट वाचला तो गेलिन सुसमन या तंत्रज्ञ बाईंमुळे. तान्ह्या मुलामुळे त्या घरून काम करीत आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. न तपासलेली प्रत ही केवळ आशा असते. तेव्हा दर तीन महिन्यांनी डिस्कवरील पाचदहा फायली, शक्य तर दुसऱ्याच संगणकावर, प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. छायाचित्र पूर्ण दिसते का, ध्वनिफीत शेवटपर्यंत वाजते का, हे पाहावे. ज्यांना अधिक काटेकोरपणा हवा त्यांनी मूळ आणि प्रत यांची अंकमुद्रा ताडून देणारी साधने वापरावीत. दोन्ही अंक जुळले की अक्षर न् अक्षर जुळले.

आता कशाच्या प्रती कराव्यात, हा प्रश्न. केंद्र शासनाच्या कार्यालयीन कार्यपद्धतीत नस्त्यांचे तीन वर्ग आहेत. ‘ए’ वर्गातील नस्ती जपावयाची आणि तिचे सूक्ष्मचित्रणही करावयाचे, म्हणजे ती दोन रूपांत जगवावयाची. ‘बी’ वर्गातील जपावयाची, पण सूक्ष्मचित्रण नको. ‘सी’ वर्गातील ठरावीक मुदतीपर्यंत ठेवून नष्ट करावयाची. गृहिणींनी आणि गृहस्थांनी हाच विवेक घरी करावा. आईवडिलांचे आवाज, आजीने सांगितलेल्या ओव्या, मुलांची बालपणीची छायाचित्रे, घरजमिनीचे कागद, पदव्या : हा ‘ए’ वर्ग. यांच्या तीन प्रती हव्यातच. सहलींची छायाचित्रे ‘बी’ वर्गात. आणि दररोज सकाळी येणारी सुप्रभाताची फुले व सुविचार हा निर्विवाद ‘सी’ वर्ग; त्याची मुदत सायंकाळपर्यंत पुष्कळ झाली. निवड केली की साठा आटोपशीर होतो, आणि आटोपशीर साठ्याची प्रत खरोखरच होते. ओळखपत्रे, बँकेचे कागद असलेली डिस्क मात्र सांकेतिक कुलपाने बंद करावी आणि त्याचा परवलीचा शब्द घरातील आणखी एका विश्वासू व्यक्तीस ठाऊक असावा. किल्ली एकट्या गृहस्थाबरोबर गेली तर तिजोरी असून नसल्यासारखी. कचेरीचे कागद मात्र घरच्या डिस्कवर आणू नयेत. ते जपण्याची जबाबदारी कचेरीची आहे.

राहिली तिसरी, घराबाहेरची प्रत. एकाच इमारतीतील शेजाऱ्याकडे ती ठेवून भागत नाही. आग, पाणी, भूकंप हे मजला विचारून येत नाहीत, आणि हा परिसर भूकंपाच्या चौथ्या क्षेत्रात मोडतो. परंतु आपण परप्रांती राहणारी माणसे या बाबतीत भाग्यवान आहोत. आपले दुसरे घर आहेच. मानेसरवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ हाच पुढे मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर असा जातो. गणपतीस किंवा दिवाळीस गावी जाताना एक ताजी डिस्क बरोबर न्यावी, भावाच्या किंवा वहिनींच्या कपाटात ठेवावी आणि तेथील गतवर्षीची डिस्क परत आणावी. तीच पुढील वर्षी ताजी करून न्यावी. तेथेही जागा पाहून ठेवावी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पुण्यातील कित्येक घरांतील कागदपत्रांचा चिखल झाला. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीस पुराने वेढले. २६ जुलै २००५ च्या आणि २०२१ च्या पुरांत चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिराच्या ग्रंथसंपदेस जलसमाधीचा प्रसंग आला. तेव्हा डिस्क खालच्या खणात नको, वरच्या फडताळावर असू द्यावी. गावी कोणी उरले नसेल त्यांनी क्लाउडवर भाड्याची जागा घ्यावी, भाडे वेळेवर भरावे, आणि खात्याचा तपशील मुलांना देऊन ठेवावा.

शेवटी आपल्या मंडळाविषयी. मंडळाकडे आज इतिवृत्तांच्या वह्या आहेत, जुन्या नाट्यप्रयोगांच्या कॅसेटी आहेत, आणि या सुवर्णमहोत्सवासाठी सभासदांनी जिव्हाळ्याने आणून दिलेली छायाचित्रे आहेत. ज्यांनी हे मंडळ उभारले त्यांतील अनेकांचा आवाज आता केवळ या कॅसेटींतच उरला आहे. चुंबकीय फीत दर वर्षी थोडी थोडी मुकी होत असते. हे सारे संगणकावर उतरवून त्याच्या तीन प्रती कराव्यात, अशी आमची कार्यकारिणीस नम्र सूचना आहे. एक मंडळाच्या कपाटात असावी, दुसरी क्लाउडवर, आणि तिसरी महाराष्ट्रात परतलेल्या एखाद्या जुन्या सभासदाच्या घरी. दर गुढीपाडव्यास दोन सभासदांनी मिळून तीनही प्रती उघडून पाहाव्यात आणि ‘पाहिल्या, ठीक आहेत’ अशी नोंद इतिवृत्तात सहीनिशी करावी. हे काम पदाचे असावे, व्यक्तीचे नव्हे. चिटणीस बदलले की डिस्क आणि परवलीचा शब्द पुढील चिटणिसांच्या स्वाधीन व्हावा.

डिस्कचे आयुष्य साधारण पाच वर्षे धरून चालावे. याचा अर्थ हीरकमहोत्सवापर्यंत हा सारा ठेवा दोनदा नव्या डिस्कवर उतरवावा लागेल. पहिल्या वेळी ते काम कोण करील, त्यांचे नाव याच वर्षीच्या इतिवृत्तात लिहून ठेवावे, एवढी विनंती आहे.